व्रेतोसची लावाशिट्टी

मित्रांनो, मला जीभ नाही, तरी मला एका पाखराचा आवाज आहे. तो माझा नाही, लावीचा आहे. गव्हाजवाच्या शेतात लपून राहणारी, मातीच्याच रंगाची, मुठीत मावेल एवढी ती लाव्याची मादी. तिचा आवाज कुणीतरी माझ्या पोटात भरला आणि मला शिट्टी म्हटले. दिसायला मी अगदी साधी आहे. बोकडाच्या कातड्याची सुरकुतलेली पिशवी आणि तिच्या तोंडाला बसवलेली हाडाची बारीक नळी. पिशवी तळहातावर ठेवून अंगठ्याने हलकेच टिचकावली, की मी बोलते, "ब्रि-ब्रि, ब्रि-ब्रि." याहून एक अक्षर मला जास्त येत नाही.

किथिरा बेटाच्या दक्षिण टोकाला, जिथे बांधांवर ओव्याच्या वासाची काटेरी झुडपे उगवतात आणि पुढे नुसता समुद्र असतो, तिथे माझा जन्म झाला. तिथल्या व्रेतोस नावाच्या माणसाने मला एका हिवाळ्यात घडवले. शेळीच्या नळीचे हाड त्याने वाळूने घासून गुळगुळीत केले, त्याला भोक पाडले, मेणाने ते कमीजास्त केले. पिशवीत खेचराच्या शेपटीचे केस कोंबले. पण आवाज काही जुळेना. मग वसंत आला आणि तो पहाटेपासून जवाच्या शेतात पालथा पडून खऱ्या लावीचे बोलणे ऐकू लागला. घरी आला, की मला टिचकावी, मान हलवी, मेण खरवडी, पुन्हा टिचकावी.

त्याची बायको स्तामाता पीठ मळता मळता म्हणाली, "अहो, माझ्याशी बोलताना कधी एवढा जीव ओतला नाहीत."

"तू हाक न मारताच येतेस," तो म्हणाला. "लावा येत नाही."

त्या दिवशी आवाज जुळला.

माझी कामाची वर्षे वसंतातली. दक्षिणेचा वारा सुटे, आभाळ आफ्रिकेच्या धुळीने तांबूस होई आणि रात्रभर समुद्र ओलांडून दमलेले लावे पहाटे आमच्या बेटावर टपटप उतरत. काहींच्या पंखांना बांधापर्यंत यायचेही बळ नसे. व्रेतोस जवाच्या कोवळ्या कणसांवर बारीक जाळे अंथरी आणि मागे बसून मला बोलती करी. कुठूनतरी नर उत्तर देई, "पिट्-पिलित्, पिट्-पिलित्." मी बोले, तो जवळ येई. मी बोले, तो धावत येई. जाळ्याखाली आला, की व्रेतोस एकदम उभा राही, पाखरू दचकून उडे आणि अडके. एखादे जाळ्याच्या काठाने निसटलेच, तर त्याच्यावर डोक्यावरची टोपी पडे. मग मानेवर दोन बोटे आणि अंगठा. हे सगळे इतके झटकन होई, की डोळ्यांनी पाहायच्या आत हात मोकळा झालेला असे.

हिवाळ्यात बेटावर खायला फारसे नसे, मित्रांनो. मीठ आणि तेल घालून बरणीत ठेवलेले लावे हेच त्या घराचे मांस होते. मिनास, व्रेतोसचा मुलगा, त्यावर वाढला. कॉफीच्या दुकानात लोक म्हणत, "व्रेतोसची पिशवी खऱ्या लावीपेक्षा गोड बोलते." ते ऐकून माझे कातडे जणू ताठ होई. स्तामाता मात्र बरणी भरताना गुणगुणे:

समिंदर ओलांडून । आलं पाखरू दमून
आधी पाणी दे रे राया । मग जाळं घे उचलून

व्रेतोस ऐके, हसे आणि जाळे विणायला बसे.

पुढे जाळ्यांवर बंदी आली. मिनास मोठ्या जहाजावर नोकरीला लागला. स्तामाता गेली. जाळे माळ्यावर उंदरांनी कुरतडले आणि मी दाराआडच्या खिळ्याला लटकून राहिले. कातड्याला चिरा पडू लागल्या. वसंतामागून वसंत गेले, बाहेर लावे बोलत राहिले आणि मला कुणी विचारले नाही.

मग एक वेगळीच माणसे येऊ लागली. गळ्यात दुर्बिणी, पायात जाड बूट आणि हातात काही नाही. ती पाखरे फक्त बघत. वेडे राघू तारांवर बसले, की ती आनंदाने एकमेकांचे दंड धरत. हळद्या अंजिराच्या झाडात शिरला, की जेवण सोडून धावत. व्रेतोसची सून रिगिना हिने घरातल्या दोन खोल्या रंगवल्या आणि ती या पाहुण्यांना ठेवून घेऊ लागली. हळूहळू तिनेही पाखरे ओळखायला शिकून घेतले. तिचा एक नियम होता. कुठल्याही पाखराला खोटी हाक मारून बोलवायचे नाही.

शेजारचा कोझ्मास व्रेतोसला चिडवी, "काय काका, आधी पाखरं पकडत होता, आता पाखरं बघणारे पकडता!"

"यांना शिट्टी लागत नाही," व्रेतोस म्हणे. "सुनेच्या हातचं चीज पुरतं."

त्या पाहुण्यांत एक गुनवोर होती. स्वीडनमधली निवृत्त शिक्षिका, उंच, किडकिडीत, थंड वाऱ्यातही बाह्या दुमडून फिरणारी. दर वसंतात ती यायची आणि आमची भाषा थोडी थोडी शिकून जायची. व्रेतोसशी तिचे चांगले जमे. दोघे अंगणात बसून वाळका पाव तेलात बुडवून खात आणि फारसे बोलत नसत. गुनवोरने आमच्या बेटावर सगळे पाहिले होते, फक्त लावा पाहिला नव्हता. तो तिला दर पहाटे ऐकू येई. पण लावा हा असा, की पायाजवळ बोलतो आणि दिसत मात्र नाही.

यंदा ती आली ती जिन्यावर चाचपडत. स्वयंपाकघरात तिने रिगिनाला सांगितले, "नजरेच्या मधोमध डाग पडलाय. समोरचं पुसलं जातं. कडेनं दिसतं, तेही अगदी जवळचं. डॉक्टर म्हणतात, पुढच्या वर्षी तेवढंही नसेल." मग ती हसली. "हळद्या, वेडा राघू, होला, सगळे पाहून झाले ग. आठवणीत आहेत. एक लावाच राहिला. त्याचा फक्त आवाज आहे माझ्याकडे, चेहरा नाही."

व्रेतोस दाराशी बसून घेवडा निवडत होता. त्याने ऐकले. संध्याकाळी त्याने मला खिळ्यावरून काढले आणि माझ्या कातड्याला तेल चोळले. त्याचा अंगठा माझ्यावर टेकला, तो नेमका जुन्याच जागी.

"मामंजी, काय आहे हातात?" रिगिनाने विचारले.

"काही नाही. जुनं चामडं."

"मला कळतं हं जुनं चामडं. ठेवा ते. पाखरू रात्रभर समुद्र उडून येतं. त्याच्यात जीव किती उरलेला असतो, ते तुम्हीच मला शिकवलंत ना?"

"एकदाच, रिगिना. बाई आंधळी होत चाललीय."

"मला दिसतंय. मलाही वाटतं तिला दिसावा. पण असा नाही."

"मग कसा?" म्हाताऱ्याने विचारले. रिगिना भांडी घासू लागली, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता रिगिना बाकीच्या पाहुण्यांना घेऊन टेकडीवर गेली. व्रेतोसने गुनवोरच्या खोलीचे दार वाजवले. "चला बाई. स्वेटर घाला. आणि बोलायचं नाही."

जवाच्या शेताच्या कडेला, दगडी बांधाला टेकून दोघे जमिनीवर बसले. पुढे थोडी मोकळी माती होती. त्याने मला तळहातावर घेतले. किती वर्षांनी! मी बोलले आणि माझा आवाज अजून तस्साच होता.

लांबून उत्तर आले. गुनवोरने श्वास रोखला. मी बोलले. उत्तर जवळून आले. जवाचे एक ताट हलले, मग अलीकडचे. व्रेतोसने मला हळूच बांधावर ठेवले, आता माझी गरज नव्हती. जवातून एक छोटे डोके बाहेर आले. नर होता. मान उंच करून तो मोकळ्या मातीवर आला, थांबला आणि इकडेतिकडे पाहून सरळ गुनवोरच्या बुटाकडे धावला. तिने मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेने पाहण्यासाठी. तिचे ओठ हलले. तिला तो दिसू लागला होता.

आणि व्रेतोसची टोपी त्याच्यावर पडली.

मित्रांनो, मी त्या म्हाताऱ्याचा चेहरा पाहत होते. तो बघतच होता, प्रेमाने, तोंड जरा उघडे टाकून, नातवंडाकडे बघावे तसा. चेहऱ्याला काही कळले नाही. हात मात्र टोपीखाली गेला, दोन बोटे आणि अंगठा, आणि बाहेर आला तेव्हा सगळे होऊन गेले होते.

 मग व्रेतोसने आपल्या तळहाताकडे पाहिले.

"बाई," तो म्हणाला. "बाई, मी नाही केलं. हातानं केलं."

"हात कुणाचा आहे?" गुनवोरने विचारले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते.

तिने ओंजळ पुढे केली. त्याने पाखरू तिच्या ओंजळीत ठेवले. ते तिने डोळ्याच्या कडेजवळ धरले, इतके जवळ, की पिसे तिच्या गालाला लागली. पाठीवरच्या गवताच्या काडीसारख्या रेघा तिने पाहिल्या. गळ्यावरचा काळा पट्टा पाहिला. भुवईसारखी पिवळसर रेघ पाहिली. तिला जे हवे होते ते सगळे तिला दिसले आणि त्यातले काहीच तिला नको होते. "अजून गरम आहे," एवढेच ती म्हणाली.

रिगिना परत आली तेव्हा दोघे तसेच बसले होते. तिने ओंजळ पाहिली, टोपी पाहिली, बांधावर मला पाहिले.

"मामंजी!" ती म्हणाली. पण म्हाताऱ्याचे तोंड पाहून पुढचे शब्द तिने गिळले. व्रेतोसने स्वतः कुदळीने बांधाच्या कडेला माती उकरली. गुनवोरने पाखरू तिथे ठेवले आणि सामान बांधायला खोलीत गेली. पण दक्षिणेचा वारा वाढला होता, दुपारची बोट आलीच नाही. ती दिवसभर दार लावून बसली. व्रेतोस जेवला नाही. मला कुणी उचलले नाही. मी रात्रभर बांधावर दवात भिजत राहिले, पोटातले केस ओले झाले, नळी मेणातून सुटली.

पहाटे व्रेतोस येऊन त्याच जागी बसला. दोन्ही हात काखेत दाबून धरलेले, थंडी वाजावी तसे. थोड्या वेळाने काठीने बांध चाचपत गुनवोर आली. खाली बसली.

"हात द्या," ती म्हणाली.

"नको. वाईट हात आहेत."

"म्हणून तर मागतेय. द्या."

त्याने दिले. तिने दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि मांडीवर ठेवले. ते दोघे तसे बसून राहिले. मग जवाच्या शेतात एक लावा बोलला. कुणी बोलावले नव्हते. आपणहून बोलला, "पिट्-पिलित्, पिट्-पिलित्."

"जवळ आहे?" तिने कुजबुजत विचारले.

"येतोय. जव हलतोय. तिसऱ्या ओळीत."

"तुम्ही हात ओढताय."

"मी नाही ओढत."

"म्हणजे तेच ओढतायत. थांबा." तिने बोटांत बोटे अडकवली.

"डोकं बाहेर काढलंय," म्हातारा सांगू लागला. "मान वर केलीय. आपल्याकडे बघतोय. एक पाऊल टाकलं. गळ्यावर काळं आहे, कालच्यासारखंच... बाई, घट्ट धरा."

"धरलेत."

"बाहेर आला. अख्खा बाहेर आलाय."

लावा मोकळ्या मातीवर उभा होता, गुनवोरला दिसणार नाही इतक्या अंतरावर. व्रेतोसचे हात तिच्या हातांत एकदा जोराने उसळले, पकडलेल्या पाखरासारखे. तिने ते सोडले नाहीत. लाव्याने मातीत एकदोनदा चोच मारली, पंख फुगवून झटकले आणि पुन्हा जवात शिरला.

"गेला?"

"गेला." व्रेतोस रडत होता. "चालत गेला, बाई. आपल्या पायांनी चालत गेला."

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून शेवटी म्हणतात, आमची नीट निगा राखा. माझे तसे मागणे नाही. माझा आवाज दवाने गेला, तो गेलेलाच बरा. पण आपल्या हातांची निगा राखा. रोज रोज जे त्यांच्याकडून करून घ्याल, ते त्यांच्यात मुरून बसते आणि एखाद्या दिवशी मनाला न विचारता बाहेर येते. तुमचे हात अजून कोवळे आहेत. त्यांना काय शिकवायचे ते आत्ताच ठरवा. आणि ज्यांचे हात चुकीचे शिकून म्हातारे झाले आहेत, असे कुणी तुमच्या शेजारी येऊन बसले, तर उठून जाऊ नका. ते हात आपल्या हातांत घ्या आणि पाखरू निघून जाईपर्यंत धरून ठेवा.