पट्टीवर लिहिलं होतं

"काका, इथला ट्रे कुठे गेला?"

ताईंनी विचारलं तेव्हा माझे हात कोपरापर्यंत साबणाच्या पाण्यात होते. मान न वळवताच मी म्हणालो, "लाल पट्टीचा ना? गेला. सकाळीच वाफेत गेला."

हात झटकून वळलो. ताई स्टुलावर बसून रिकाम्या टेबलाकडे बघत होत्या.

विषाणूंवर काम चालणाऱ्या त्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं काचेची भांडी धुतली. माझ्या हातचा फ्लास्क उजेडात धरा आणि डाग दाखवा, असं मी कुणालाही सांगत असे. टाकाऊ नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या मोठ्या बंबात घालायच्या, म्हणजे त्यांतलं सगळं मरतं. हेही माझंच काम. नियम सोपा होता. निळी पट्टी असेल तर हात लावायचा नाही, लाल असेल तर वाफेत. तो माझ्यासारख्यांसाठीच केलेला होता, कारण एक्कावन्न वर्षांचा होईपर्यंत मला अक्षर येत नव्हतं. मग बायकोने शिकवलं. रोज संध्याकाळी, साबणाच्या वेष्टनांवरून. "एवढे डाग काढता, आणि एक काना लक्षात राहत नाही?" असं म्हणत म्हणत शिकवलं.

इथे संशोधन करणाऱ्या या ताई, मला वाचता येतं हे कळल्यापासून, माझ्यासाठी मोठ्या, सुट्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहीत. आपलं कामही समजावून सांगत.

"काका, प्रत्येक पेशीत छोटी छोटी वीजघरं असतात," त्या एकदा म्हणाल्या होत्या. "एखादं बिघडलं की पेशी त्यावर खूण करते. मग आतला सफाईवाला ते उचलून मोडीत काढतो."

"म्हणजे मी."

"म्हणजे तुम्ही. बिघडलेलं तसंच राहिलं तर त्यातला कचरा बाहेर सांडतो आणि कारण नसताना आरडाओरडा होतो. शरीर स्वतःलाच भाजून घेतं. म्हणून सफाई हवीच. पण विषाणू शिरल्यावर धोक्याची जी घंटा वाजते, ती याच वीजघरांच्या भिंतीवर बसवलेली असते. काही विषाणू महाबिलंदर. ते चांगल्या वीजघरांवरही टाकाऊची खूण करून घेतात. सफाईवाला इमानाने आपलं काम करतो, आणि घंटा जाते कचऱ्यात."

"मग त्याने नीट बघायला नको? डोळे कशाला दिलेत?" मी म्हणालो होतो, आणि ताई हसल्या होत्या.

त्या ट्रेमध्ये याचाच पुरावा होता. काही पेशींत ताईंनी सफाई थोडी रोखून धरली होती. तिथे घंटा शाबूत राहते का, विषाणू हरतो का, ते त्या नळ्या सांगणार होत्या. चार महिन्यांचं काम. निळी पट्टी संपली म्हणून ताईंनी लाल लावली आणि तिच्यावर ठसठशीत लिहिलं, 'ठेवा'.

मी बंबातून काढलेल्या पिशवीतली पट्टी शोधली. शाई पसरली होती, तरी वाचता येत होतं. सकाळी मी रंग बघितला आणि हात चालवले. वाचायला शिकून नऊ वर्षं झाली होती, पण हातांना ते कुणी कळवलंच नव्हतं.

दुपारी प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. माझ्या निवृत्तीला एकोणीस दिवस होते. ताईंच्या नेमणुकीची मुदत त्याच महिन्यात संपत होती, आणि ती वाढली नाही तर प्रयोग पुन्हा होणार नव्हता.

"लाल म्हणजे टाकाऊ, हे काय आज ठरलंय?" साहेब ताईंना म्हणाले. "काकांचा काय दोष? त्यांना कुठे वाचता येतं? असल्या कारभारावर तुमची मुदत कशी वाढवू?"

"चूक माझीच आहे, सर," ताई म्हणाल्या.

मी गप्प राहिलो असतो तर तिथेच मिटलं असतं.

"साहेब, पट्टीवर 'ठेवा' लिहिलं होतं," मी म्हणालो. "मला वाचता येतं."

"अहो काका, तुम्ही कशाला मध्ये पडताय? तुमच्या सेवापुस्तकात एक वाईट शेरा नाही. आता जाता जाता कशाला?"

"पट्टी चुकली ती त्यांची. न वाचता टाकलं ते माझं. माझं तेवढं माझ्या नावावर घाला. त्यांना मुदत द्या, मी इथे आहे तोवर त्यांची भांडी धुऊन देतो."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. ताईंना चार महिने मिळाले. मला शेरा.

घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "एवढ्यासाठी शिकवलं होतं का तुम्हाला?"

"एवढ्यासाठीच."

तिने चहा ठेवला. त्यात साखर जरा जास्त पडली.

दुसऱ्या दिवशी कारकुनाने सेवापुस्तक पुढे ठेवलं. पहिल्या पानावर माझा अंगठा होता. तो बघून त्याने शाईची गादी उघडून सरकवली. मी ती बंद केली. शेरा पहिल्यापासून वाचायला घेतला. मध्ये 'निष्काळजीपणा' असा लांबलचक शब्द होता, तो न अडखळता वाचला. मग सही केली आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं धरून ठेवलं.

खाली ताईंच्या नव्या प्रयोगाचे चाळीस फ्लास्क धुवायचे होते.