पुस्तक क्रमांक सत्त्याऐंशी

मी एक प्रत बोलतेय. पुस्तकाची प्रत. कोर्टाच्या निकालाची असते ती नव्हे. तिला लोक निदान शेवटपर्यंत वाचतात.

माझं नाव 'बी शिफ्टचा डबा'. पानं एकशे छत्तीस. दुर्गच्या एका लहानशा छापखान्यात आम्ही तीनशे जणी एकाच आठवड्यात जन्मलो. मशीन जुनं, कारागीर घाईत. त्यामुळे कुणाचं कव्हर तिरकं बसलं, तर कुणाची पानं कडेला कापायचीच राहिली. माझीही मधली काही पानं एकमेकींना जोडलेलीच होती. वाचणारा आला की सुरीने सोडवेल, असं मला वाटायचं. तेव्हा मी फारच कोवळी होते.

मला लिहिलं देवराव खोब्रागडे यांनी. दुर्गजवळच्या कोहक्यात राहतात. स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर, एकतीस वर्षं काढून रिटायर झाले. बी शिफ्ट म्हणजे दुपारी दोन ते रात्री दहाची ड्युटी. देवराव ऐन तिशीत असताना त्यांची बायको शेवंता नर्सिंग शिकायला नागपूरला गेली आणि दोन लहान पोरी त्यांच्याजवळ ठेवून गेली. भट्टीवरची ड्युटी सांभाळून या माणसाने पोळ्या लाटल्या, वेण्या घातल्या. ती शिकून परत आली, नर्स झाली, आणि आता रिटायर होऊन मजेत आहे. एवढीच माझी गोष्ट. फक्त ती गेली तो दिवस देवरावांनी अगदी शेवटच्या पानावर लिहिला. छापखानेवाल्याने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "तो दिवस लिहाले मले सर्वात जास्त टाइम लागला. म्हून तो आखरी."

तेवढंच त्यांच्या अंगाशी आलं.

सिविक सेंटरच्या एका कॉफी हाऊसमध्ये देवरावांनी मला सुमंत यांच्या हाती दिलं. सुमंत म्हणजे दुर्गच्या जुन्या मराठी घराण्यातले, आता स्मृति नगरात राहणारे, फेसबुकवरचे मोठे वाचक. वर्षाला शंभर पुस्तकं वाचण्याचा त्यांचा संकल्प असतो आणि तो दरवर्षी नोव्हेंबरातच पुरा होतो. प्रत्येक पुस्तकावर चार ओळी लिहितात. लोक म्हणतात, हे वाचतात कधी? लोकांची शंका अगदी बरोबर होती.

"जय भीम, सुमंतजी," देवराव म्हणाले. "जमलं तं दोन शब्द लिहा."

"नमस्कार, नमस्कार. लिहितो ना! आजच रात्री बसतो."

त्या रात्री ते क्रिकेट बघायला बसले.

दोन दिवसांनी माझा फोटो काढला. वाचनापेक्षा या कामाला त्यांच्याकडे पुष्कळ वेळ असतो. आधी मला खिडकीत उभं केलं. मग आडवं. मग बाजूला चष्मा ठेवला, शेवंतीची दोन फुलं ठेवली. "सुहास, जरा कॉफी कर. फेस हवा हं!" त्यांच्या बायकोने, सुहासिनीबाईंनी, निमूटपणे कॉफी करून आणली. अकरा फोटो झाले. तोवर कॉफी गार झाली. ती तशीच सिंकमध्ये गेली.

मग सुमंत माझ्याकडे वळले. मागचं कव्हर वाचलं. मनोगत वाचलं. आणि शेवटचं पान वाचलं. तिथे लिहिलंय: 'शेवंता गेली. घरात आता मी, दोन पोरी, आणि तिच्या हातचं अर्धी बरणी लोणचं.' सुमंतनी एक सुस्कारा सोडला आणि फोन उचलला.

'पुस्तक क्रमांक ८७. एका कष्टकऱ्याची धगधगती कहाणी. पत्नीच्या अकाली निधनानंतर दोन लेकींना घेऊन एकाकी झुंजणारा बाप शेवटच्या पानावर डोळे ओले करतो. जरूर वाचा. साडेचार तारे.'

अर्धा तारा कशाबद्दल कापला, ते मला आजवर कळलेलं नाही. बहुधा शेवंताबाई जरा आधीच्या प्रकरणात गेल्या असत्या, तर पुरे पाच मिळाले असते.

संध्याकाळपर्यंत अडीचशे जणांनी पसंती दिली. कुणी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. कुणी हात जोडले. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, 'मीही नुकतंच वाचून संपवलं. तो मृत्यूचा प्रसंग तर अंगावर येतो!' पुण्याला आमच्यापैकी एकही जण गेलेली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. सुहासिनीबाईंनी दार उघडलं. दारात इस्त्रीचा शर्ट घातलेले देवराव, आणि त्यांच्या मागे सुती साडीतली, छत्री घेतलेली एक ठणठणीत बाई.

"या, या देवरावजी!" सुमंत उठले. "आणि या कोण? आपल्या भगिनी का?"

"नाई," ती म्हणाली. "मी शेवंता."

ती चपला काढून आत आली.

"बसली तं चालते ना? का तुमच्या इथं मेलेल्या मान्साले खुर्ची देत नाईत?"

सुहासिनीबाईंनी घाईने खुर्ची पुढे केली. शेवंताबाई बसल्या आणि शांतपणे सांगू लागल्या, जणू पेशंटच्या नातेवाइकांना रिपोर्ट देत होत्या.

"माझा भाऊ धोंडबा. भंडाऱ्याहून रडत रडत गाडीत बसला. गोंदियाले त्याले माझा फोन लागला, तवा उतरला. माझ्यासंगच्या नर्सा हार घेऊन घरी आल्या. दार मीच उघडलं. त्यातल्या रीनाले तिथंच चक्कर आली. मंग मीच तिचा बीपी पाह्यला."

"ते, मतलब, मी ते प्रतीकात्मक अर्थाने लिहिलं होतं," सुमंत म्हणाले.

"कोनत्या अर्थानं मेली मी?"

"जाऊ दे ना, शेवंता," देवराव मध्येच म्हणाले. "त्यायनं चांगल्या मनानं लिहिलं. थोडंसं चुकलं असन."

शेवंताबाई नवऱ्याकडे वळल्या, आणि मला कळलं की त्या खरं भांडायला आल्या होत्या ते सुमंतशी नव्हे.

"पाहा ताई," त्या सुहासिनीबाईंना म्हणाल्या. "यायनं त्या पोस्टची प्रिंट काढून भिंतीवर लावली. मी म्हटलं, फोन करा, सांगा मी जित्ती हाये. तं म्हनते, राहू दे, अडीचशे लोकायले आवडलं. कावून राहू देऊ? अडीचशे लोकायले आवडलं म्हून मी मेलीच राहू काय?"

देवराव खाली बघत होते. माझा लेखक, ज्याने एकशे छत्तीस पानं या एका बाईच्या जाण्यायेण्यावर लिहिली, तो इस्त्रीच्या शर्टाची बाही सरळ करू लागला. मग पुटपुटला, "माझ्याबद्दल आजवर कोनी काही लिहिलंच नव्हतं ना."

मी या घरात आल्यापासून ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य.

शेवंताबाईंचा आवाज जरासा खाली आला. "तुमच्याबद्दल नाईच लिहिलं त्यायनं. वाचलं कुठं हाये?" त्यांनी टीपॉयवरून मला उचललं, अंगठ्याने पानं फरफर सोडली आणि मधेच थांबल्या. "हे पाहा. पानं तं अजून जोडलेलीच हायेत. ताई, सुरी हाये काय?"

सुहासिनीबाईंनी स्वयंपाकघरातून भाजी चिरायची सुरी आणली. आणली ती शेवंताबाईंच्या हातात दिली नाही; स्वतःच माझ्या कडांमधून हलकेच फिरवली. जन्मापासून पहिल्यांदा माझ्या त्या पानांना वारा लागला.

"वाचा साहेब," देवराव म्हणाले. "मोठ्यानं."

आणि सुमंत वाचू लागले. काय करतात बिचारे! फोटो काढायला हात मोकळे नव्हते.

"'शेवंता नागपूरला गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी पहिली पोळी केली. धाकटी सुजाता म्हणाली, बाबा, हा मध्यप्रदेशाचा नकाशा आहे का? मी म्हटलं, जेव. तिने भोपाळपासून सुरुवात केली.'"

सुहासिनीबाई खळखळून हसल्या. या घरात हा आवाज मीही नव्यानेच ऐकला.

"'क्वार्टरमधले लोक विचारायचे, बायको पळाली का? मी म्हणायचो, हो. पुढे पळाली. मी मागून येतोय.'"

इथे सुमंत थांबले. त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा वाचलं. मग न सांगता पुढचं पान उलटलं, मग त्याच्या पुढचं. शेवंताबाई पदराने छत्रीची मूठ पुसत बसल्या होत्या. देवराव त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "घरी गेलो का भिंतीवरचं काढतो." त्या म्हणाल्या, "घरी जायेपर्यंत थांबू नका. आत्ताच सुजाताले फोन लावा, थे काढन."

दुसऱ्या दिवशी सुमंतनी खुलासा टाकला: 'मागील पोस्टमध्ये तपशिलाची किंचित चूक झाली होती.' किंचित! एक बाई जिवंत निघाली, एवढीच. त्याला एकोणीस जणांनी पसंती दिली. एकाने लिहिलं, 'तरी निधनाचा शेवट जास्त प्रभावी वाटतो.' पुण्याच्या बाईंनी लिहिलं, 'मला वाचतानाच शंका आली होती.'

सुमंत आता चौऱ्याण्णव क्रमांकावर आहेत. माणसं बदलतात म्हणतात. मी अजून वाट पाहते आहे.

मी मात्र आता हॉलमध्ये नसते. सुहासिनीबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं. फोडणी आणि कुकरच्या शिट्ट्यांमधून त्या रोज चार पानं वाचतात. माझ्या बासष्टाव्या पानावर हळदीचा अंगठा आहे, सत्तराव्यावर तेलाचा थेंब, आणि पाठ तर पार मोडली आहे. एवढं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

आज दुपारी त्या एकशे बाराव्या पानावर थांबल्या. मला पालथं ठेवलं आणि शेवंताबाईंना फोन लावला.

"ताई, एक विचारू? निघताना पोरी रडल्या होत्या का?"

"रडल्या ना. मी बी रडली. डब्यातल्या बाया म्हनत, उतर, उतर."

"मग?"

"मंग काय. गाडी सुटली."

सुहासिनीबाईंनी गॅस बारीक केला. "माझीही खैरागडला ॲडमिशन झाली होती. गाण्याची. लेक अपूर्वा दीड वर्षांची होती. आणि यांना साधा चहा येत नव्हता."

"आता येते काय?"

"नाही."

"मंग तुमी निघा. तो शिकते."

"आत्ता येऊ का तुमच्याकडे? मन भरून बोलायचंय."

"या ना. वाट पाहून राहिली."

त्यांनी पर्स घेतली, मागचं दार ओढून घेतलं, आणि गल्लीत ऑटोचा आवाज आला.

वाचकहो, माझं मागणं थोडंच आहे. माझ्यावर चार ओळी लिहा, नाहीतर लिहूच नका. तारे द्या, नाहीतर आभाळातच राहू द्या. पण माझ्यातल्या माणसांना मारण्यापूर्वी एकदा मधली पानं उघडून बघा. ती जिवंत असू शकतात.

हॉलमधून हाक येते आहे, "सुहास, चहा ठेव ना जरा! सुहास?"

ओट्यावर मी एकटी आहे.