गोड्या विहिरीचं लाल पाणी

मुलांनो, जरा डोळे मिटा. वैशाखातली दुपार आहे असं समजा. पूर्णा नदीच्या काठची काळी जमीन अशी फाटली आहे की एकेका भेगेत तुमचा हात कोपरापर्यंत जाईल. घसा कोरडा पडला आहे. गावात विहिरी पुष्कळ आहेत, पण बादली ओढून एक घोट घ्या, तोंड खारट होतं आणि तहान आणखी भडकते. अकोल्याकडचा हा खारपाणपट्टा असाच. साऱ्या गावात एकच विहीर गोडी, आणि तिथं तुम्हाला कोणी पाय ठेवू देत नाही.

सांगा, मग तुम्ही काय प्याल?

पंचफुला नदीतलं पाणी पीत असे. पूर्णेचं पात्र आटलं होतं. वाळूत खड्डा केला की तळाशी हळूहळू पाणी झिरपे. त्याला झिरा म्हणतात. वाटीवाटीनं घागर भरायची, डोक्यावर घ्यायची आणि घर गाठायचं. तिच्या बापानं, देवमननं, दोन वर्षांपूर्वी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घरातले देव गेले, पण गोड्या विहिरीची वाट काही मोकळी झाली नव्हती. "कायदा झाला म्हन्तेत," पंचफुलाची माय भागीरथा म्हणायची, "पन इहिरीवर कायदा नाई, वरच्या वस्तीची पार्वताबाई उभी रायते."

त्या वर्षी नदीच्या वरच्या अंगाच्या गावात माणसं मरू लागली. सकाळी धडधाकट माणूस, दिवस कलता कलता जुलाब-उलट्यांनी गेलेला. तिकडच्या आभाळात गिधाडं फिरत. आपल्या गावात मात्र कोणी त्या रोगाचं नाव घेईना. नाव घेतलं की ती घर विचारत येते, असा समज. बाया कुजबुजत, "पाव्हनी निंगाली म्हन्तेत वं."

आणि अशात अकोल्याहून आरोग्य खात्याचा गोवर्धन आला. चांगला तरुण, कळकळीचा. पूर्वी गावात दवंडी देवमन देई, पण दीक्षेनंतर त्यानं डफडं कायमचं खाली ठेवलं होतं. म्हणून गोवर्धन स्वतःच पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून गल्लीगल्लीनं ओरडत सुटला, "पटकी आली! पटकी येते आहे! घरंच्या घरं रिकामी होतील!"

दारं धडाधड लागली. पार्वताबाई तेवढी ओट्यावर आली.

"अरे मेल्या, गप! नाव घेऊन बलावते का तिले? तुह्या घरी ने तिले, अकोल्याले!"

"बाई, मी तुमच्याच भल्याचं..."

"भलं करून राह्यला म्हने! गावाच्या तोंडावर मरन ओरडून राह्यला अन् म्हन्ते भलं!"

गोवर्धननं गोड्या विहिरीत लाल दवाई टाकली आणि भोंग्यातून सांगितलं, हेच पाणी प्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली बादली वर आली ती गुलाबी. बायांनी घागरी तिथंच उपड्या केल्या. "इहिरीले रगत सुटलं व माय!" विहीर ओस पडली, आणि सारी वरची वस्ती, म्हणजे वरच्या जातींची घरं, नदीच्या झिऱ्यावर लोटली.

पंचफुला झिऱ्यावर वाटी भरत होती. पार्वताबाईची सावली तिच्यावर पडली.

"ऊठ वं पोट्टे. खालतं जाय."

"खालतं पानी नाई जी. म्हशी बसल्या हायेत तथी."

"मंग म्हशीसंग बस."

बाया हसल्या. पंचफुला रिकामी घागर घेऊन उठली. वरून वारा आला, त्याला कसलासा आंबूस वास होता. वरच्या अंगाच्या त्या गावात रोग्यांचे कपडे याच नदीच्या झिऱ्यांवर धुतात, हे तिनं बापाच्या तोंडून ऐकलं होतं. घरी धाकटा भाऊ धर्मपाल पानी पानी करत होता. मोकळ्या हातांनी जायचं कसं?

वाटेत गोडी विहीर लागली. एरवी ती इथून मान खाली घालून जाई. आज तिथं कोणी नव्हतं. फक्त निंबाखाली गोवर्धन बसला होता, भोंगा धुळीत पडलेला.

"ये, बाळ," तो म्हणाला. "भर घागर. कोणी अडवणार नाही."

पंचफुला जागची हलली नाही. "लाल हाये."

"दवाईचा रंग आहे तो. फिकट होत चालला आहे. त्यानं रोगाचे जंतू मरतात."

"मंग तुमी कावून नाई पेत?"

गोवर्धनची नजर वर फांदीकडे गेली.

"तुमी थे छागलीतलं पेता," पंचफुला निंबाकडे बोट दाखवत म्हणाली. फांदीला गोवर्धनची पाण्याची कापडी छागल टांगली होती, अकोल्याहून भरून आणलेली. "साऱ्या गावानं पायलं. पार्वताबाई म्हने, इख टाकलं म्हून सोता पेत नाई."

गोवर्धन उठला. त्यानं छागल काढली, बूच उघडलं आणि ते थंड पाणी तापलेल्या मातीवर ओतून दिलं. पंचफुलाच्या तोंडून "अगागा" निघालं. मातीनं पाणी क्षणात गिळलं. मग त्यानं बादली सोडली, ओंजळ भरली आणि घटाघटा प्याला.

पंचफुला त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो मेला नाही. तिनं घागर पुढं केली.

त्या दिवसापासून गोवर्धननं भोंग्याला हात लावला नाही. सकाळ-संध्याकाळ तो विहिरीवर, साऱ्यांना दिसेल असा उभा राहून पाणी पीत असे. देवमनला त्यानं एवढंच विचारलं, "तुम्ही वस्तीला काय सांगाल?"

"मी कायले सांगू?" देवमन म्हणाला. "मी पेतो. पायनारे पायतीन."

देवमनची वस्ती सारी त्या विहिरीवर येऊ लागली. वरच्या वस्तीनं दाराच्या फटीतून बघितलं, पण अडवायला कोणी आलं नाही. लाल पाण्याच्या जवळ यायलाच कोणी तयार नव्हतं. "मरतीन सारे," पार्वताबाई म्हणाली आणि वाट बघत बसली.

पाव्हणी आली, पण वरच्या वस्तीत. आधी गोपाळकृष्ण गुरुजींच्या घरी, मग शेजारी, मग रांगच लागली. गल्लीत रडणं सुरू झालं की कुत्री गळा काढत. झिऱ्याच्या वाळूवर घागरींची गर्दी मात्र तशीच. देवमनच्या वस्तीत चुली पेटत होत्या, पोरं खेळत होती. फटीतून बघणाऱ्यांना तेही दिसत होतं.

एका संध्याकाळी पंचफुला पाणी ओढत असताना पार्वताबाई आली. एकटीच. पदर घसरलेला, कडेवर घागर. विहिरीपासून चार हात दूर ती थबकली, जिथं पूर्वी पंचफुलाची माय, कोणी वरून घागरीत पाणी ओतेल म्हणून, दान मागितल्यासारखी उभी राहायची, अगदी तिथंच.

"नातू बिमार पडला माहा," ती म्हणाली. "पानी मांगून राह्यला. झिऱ्याचं पाजाचं भेव वाटते. अन् हेचंही."

पंचफुलानं भरली बादली काठावर टेकवली.

"पोरी, हे... हे पेल्यानं काई होत नाई ना वं?"

निंबाखालून गोवर्धन पुढं येऊ लागला. देवमननं त्याचा हात धरला. "राहू द्या जी," तो हळूच म्हणाला.

पंचफुलाला झिरा आठवला, बायांचं हसणं आठवलं, म्हशी आठवल्या. गल्लीच्या टोकाकडून कोणाचा तरी हंबरडा आला आणि पार्वताबाईनं मागं वळून पाहिलं.

पंचफुलानं बादलीत ओंजळ बुडवली आणि पार्वताबाईच्या डोळ्यांसमोर पाणी प्याली. उरलेली बादली तिनं परत विहिरीत सोडली. मायला ओतत तसं तिनं पार्वताबाईच्या घागरीत वरून ओतलं नाही. दोर तिनं एका हातात घट्ट धरला आणि त्याचं मोकळं टोक पार्वताबाईपुढं केलं.

"धरा, आजी," ती म्हणाली. "भरली बादली जड रायते. संगं ओढू."