तेलात मुरलेली काडतुसं

सीताबर्डीवरच्या माझ्या बंदुकांच्या दुकानात भैयाजी हेडाऊंनी त्या उन्हाळ्यात माझं डोकं खाल्लं. वाडीला त्यांचं ट्रान्सपोर्टचं गोदाम, रोकड घेऊन येणं-जाणं, म्हणून पिस्तुलाचं लायसन्स मिळालेलं. पिस्तूल मात्र बंडीच्या खिशात कोणाला दिसणार नाही असं हवं.

पंचवीस बोअरचं दाखवलं, तर म्हणे खेळणं वाटते. बत्तीस बोअरचं दाखवलं, तर म्हणे खिसा फुगते. शेवटी मी वैतागलो. "भैयाजी, लहान्याचे काडतुसं जुन्या विलायती मालातलेच भेटते, त्याचा काही भरोसा नाही. बत्तिसाचे सरकारी कारखान्यातले ताजे भेटते. बत्तीसच घ्या, अन् काडतुसं कोरडे ठेवा!"

घेतलं एकदाचं. सुटलो म्हटलं.

दसरा झाला आणि स्वारी पुन्हा हजर. काडतुसं काउंटरवर आपटून ओरडले, "फुसका माल देल्ला तुम्ही! वावरात चालवून पाहिलं, एकही उडलं नाही!"

मी एक उचललं. बोटांना तेल लागलं, वर हळद-कुंकू.

"हे काय होय?"

"शस्त्रपूजा. घटस्थापनेपासून देवापाशी तेलाच्या वाटीत ठेवले होते."

"अहो, तेलानं आतली दारू मरते! पूजा पिस्तुलाची करा, काडतुसाची काहून?"

मी चरफडत नवी काडतुसं पुढे ठेवली. भैयाजींनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि खुळ्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"नानाजी, बिनपूजेच्या काडतुसावर भरोसा कसा ठेवाचा?"