मधल्या स्टॉपवर

बटणाला भोकं चार, पण दोरा दोनच भोकांतून गेलेला — आणि तोही काळा, निळ्या शर्टावर... म्हणजे लावणाऱ्या बाईला घाई होती. किंवा घाई नव्हती, लक्ष नव्हतं. कोण ही बाई? घर सोडून निघालेली. बॅगा भरून झाल्यात, टॅक्सी खाली उभी आहे, आणि तिला एकदम नवऱ्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण आठवतं — तेवढं लावून जाते ती, दोन भोकांपुरतं. लेखकाने स्वतःच्या शर्टावरून नजर काढली आणि पेन उचललं. एक ओळ झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या ओळीत त्याला खाली ताटकळत बसलेला टॅक्सीवाला दिसायला लागला.

झालं! टॅक्सीवाल्याची गोष्ट वेगळीच निघाली.

त्याने नवा कागद घेतला. संपादकांना कथा संध्याकाळपर्यंत हवी होती, आणि या खेपेला ‘पूर्ण असू द्या’ असं ते इतक्या नम्रपणे म्हणाले होते की त्याने लगेच हो म्हणून टाकलं होतं. याआधी दोनदा त्याने त्यांना तोंडघशी पाडलं होतं. लोकांना वाटतं, लेखकाला सुचत नाही म्हणून तो अडतो... मला सुचतं हो, सुचायचं थांबत नाही हेच तर दुखणं आहे. उंचीला घाबरणारा लिफ्टदुरुस्तीवाला, स्वतःच्याच जुन्या नंबरावर फोन लावणारी शिक्षिका, आता हा टॅक्सीवाला — सगळे दाराशी दाटी करून उभे, आणि एकाला आत घ्यावं तर बाकीचे फुरंगटून बसणार. कुणाचं म्हणून मन मोडायचं? त्यापेक्षा सगळ्यांचंच मोडतो मी.

घरात या प्रकाराला एक शब्द होता — उतरणं. लेक लहान असताना तो एकदा तिला घेऊन बसने चालला होता. समोरचा माणूस भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ पोटाशी धरून उठला, तसा हाही तिचा हात धरून उठला आणि त्याच्या मागोमाग भलत्याच स्टॉपवर उतरला. घड्याळवाला गल्लीत दिसेनासा झाला. मग पुढची बस येईपर्यंत हा तिला त्या घड्याळाची गोष्ट सांगत राहिला. ती विचारायची, “मग?” याला पुढचं सुचलं नाही की तो दुसरी गोष्ट सुरू करायचा, तिचं आपलं पुन्हा “मग?” तेव्हापासून जेवताना, पाहुण्यांत त्याची नजर हरवली की मायलेकी एकमेकींकडे बघून हसायच्या, आणि कुणीतरी म्हणायचं, बाबा उतरले.

गेल्या आठवड्यात लेक एकटीच, जावयाशिवाय, एक मोठी बॅग घेऊन आली होती. काही दिवस राहते, एवढंच म्हणाली. आज सकाळी कामावर निघताना बायकोने चपलेत पाय घालता घालता हळूच सांगितलं होतं, “अहो, तिच्याशी बोला जरा. मला नाही सांगणार ती, तुम्हाला सांगेल.” तो हो म्हणाला होता. तेव्हापासून तो लिहीत बसला होता — म्हणजे खरं तर लपून बसला होता.

शेवटी चहाचं निमित्त करून तो स्वयंपाकघरात गेला. लेक टेबलाशी मटार सोलत होती. त्याच्या शर्टाकडे बघून म्हणाली, “बटण बसलं ना नीट? काल दिसलं तुटलेलं, लावून टाकलं.”

त्याने काळ्या दोऱ्यावर बोट ठेवलं. सकाळपासून ज्या बाईला तो कागदावर शोधत होता ती इथे, भिंतीच्या पलीकडे, त्याच्याच घरात मटार सोलत बसली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. तो चहाबिहा विसरून तिच्यासमोर बसला.

ती आपणहून बोलायला लागली, मान वर न करता. “भांडण असं काही झालं नाही, बाबा. तो नेहमीसारखंच म्हणाला, येताना दूध आण. आणि मला कळलं, मी येणार नाहीये.”

काय वाक्य आहे! इथूनच सुरुवात... नको, त्याच्यापासून करावी. बाहेर अंधारून आलंय, त्याने रिकामं पातेलं काढून ठेवलंय, जिन्यात पाऊल वाजलं की दाराकडे बघतोय, आणि शेजारची बाई —

शेंग मोडल्याचा आवाज थांबला होता. लेक त्याच्याकडे बघत होती.

“उतरलात ना?”

ती हसत नव्हती. ‘नाही’ म्हणायला जीभ उचललीच होती त्याची. इतकी वर्षं तो हूं हूं करत निभावून नेत आला होता.

“उतरलो,” तो म्हणाला. “दुधापाशी.”

“त्यानंतरचं काहीच नाही ऐकलंत?”

“नाही.”

तिने हातातली शेंग सालींच्या ढिगात टाकली, मग ती दाण्यांनी भरलेली आहे हे बघून परत उचलली. रडेल, उठून जाईल, की हसेल — त्याला काही सांगता येईना. एरवी अशा वेळी त्याने तिन्ही शेवट मनात मांडून बघितले असते. शेजारची बाई अजून घुटमळत होती, टॅक्सीवाला हॉर्न देत होता... वाजवू दे. त्याला भीती वाटत होती. पुढचं फक्त हिलाच माहीत होतं, आणि ही सांगेलच असं नव्हतं.

त्याने खुर्ची पुढे ओढली.

“मग?” त्याने विचारलं, आणि तो थांबून राहिला.