सशांची पंगत

"तूप कुठे जातं, छबूबाई? घरी नेता?"

डॉक्टरांचा आवाज चढला तसं छबूबाईने हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"गळ्याची आन, सायेब. बोट बी चाटलं न्हाई."

खरंच चाटलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात पारनेरकडचं रान करपलं. मुलगा आणि सून खडी फोडायला गेले. साठीला टेकलेली छबूबाई नगरला आली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत सशांना खाऊ घालायच्या कामाला लागली. हे काम गेलं तर म्हातारपणी हातोडीच होती. घरची नातवंडं रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी पाण्याबरोबर गिळत होती आणि इथे सशांना साजूक तूप! शिकलेल्या माणसांचे चोचले, दुसरं काय!

डॉक्टरांनी तिला एवढंच बजावलं होतं: वरच्या रांगेला साधा चारा, मधल्या रांगेला तूप, खालच्या रांगेला तूप आणि गुग्गुळाचं औषध. कशासाठी, ते एका अडाणी बाईला सांगायची त्यांना गरज वाटली नव्हती.

"मग तिन्ही रांगांचं रक्त सारखं कसं आलं?"

छबूबाईचा चेहरा उजळला. आपलं काम कोणाच्या तरी नजरेत भरलं म्हणायचं!

"समद्यास्नी सारखंच वाढते न्हवं मी! तूप, औषद, समदं एकात कालवून. एका पंगतीत एकाला तूप आन् एकाला कोरडं? लई पाप हाय त्ये. वरचे बिचारे नुसते बघत बसायचे. बघवंना मला."

डॉक्टरांनी हातातली नोंदवही मिटली.

"अहो बाई, तूप त्यांना आजारी पाडायला होतं! रक्तात चरबी वाढवायची आणि औषधाने उतरते का बघायचं. मधले आणि खालचे शेवटी कापायचेच होते. वरचे तेवढे पैदाशीला ठेवणार होतो. आता तेही बाद. उद्या सगळे कापायचे."

"वरचे बी?"

"सगळेच. आणि तुम्ही उद्यापासून येऊ नका."

नोकरी गेल्याचं तिला लागलंच. पण त्याहून जास्त लागलं ते वरच्या रांगेचं. आपण माया केली आणि ती त्यांच्याच जिवावर उठली. एका शब्दाने कोणी सांगितलं असतं तर!

"सांजंचं तेवढं घालून जाते, सायेब."

"नको. कापायच्या आधी उपाशीच ठेवतात."

ती निघाली. पिंजऱ्यांजवळ पाऊल वाजताच तिन्ही रांगांतले ससे धावत जाळीशी आले. तिच्या हातांना तुपाचा वास येत होता. छबूबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि भिंतीच्या कडेकडेने ती बाहेर पडली.