भाजीची सुरी

बाबांनी सुरीच्या धारेवरून अंगठा आडवा फिरवून पाहिला आणि ती काउंटरवर परत ठेवली.

"याच्याहून कमी धारेची नाई का?"

काउंटरपलीकडची बाई हसली. करिश्मा तिचं नाव. मागच्या खोलीतून एक म्हातारा आवाज दर दोन मिनिटांनी त्या नावानं काहीतरी विचारत होता. कुकरच्या रिंगा आल्या का, चहा सांगितला का.

"काका, लोकं धार पाहून घेते. कमी धारेची मांगणारे तुमी पयलेच."

संध्या एक पाऊल मागे उभी होती. मेअखेरच्या उन्हात अकोल्याच्या बाजारातली सगळी भांड्यांची दुकानं पांढरी दिसत होती आणि त्यांच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागत होते. तिनं पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला होता. घाम येत होता, पण तो दुसऱ्याच कुणाला येत असल्यासारखा तिच्या ध्यानात यायचा, थोडा उशिरा.

सकाळपासून त्यांचं काही ठरलेलं नव्हतं. महिन्यातून एकदा मूर्तिजापूरहून बसनं यायचं, डॉक्टरीणबाईंना दाखवायचं, गोळ्या घ्यायच्या, दुपारच्या बसनं परत. आज आठवी खेप. डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या, "काही करावंसं वाटतं का?" आणि संध्या दर खेपेला खरं ते सांगायची, नाही. आज मात्र ती म्हणाली, "भाजी चिरायची आहे."

आपण असं का म्हणालो ते तिला कळलं नाही. तशी काही ओढ नव्हती. शब्द तोंडाशी होते, ते बाहेर आले.

बाबा वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले. डॉक्टरीणबाईंनी आधी संध्याला बरंच काही विचारलं, सरळ सरळ विचारलं, आणि तिनंही सरळ उत्तरं दिली. मग त्या बाबांना म्हणाल्या, "माझ्या मते हरकत नाही. पण घर तुमचं आहे. तुम्हाला जमेल का?"

"पाहू," बाबा म्हणाले.

बाहेर आल्यावर ते बसस्टँडच्या रस्त्याला लागले नाहीत, बाजाराकडे वळले. संध्या त्यांच्या मागून चालत आली.

आठ महिन्यांपूर्वी संध्यानं स्वतःच्या हातावर सुरी चालवली होती. ती अमरावतीला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि खोली घेऊन राहायची. दसऱ्याच्या सुट्टीत घरी आली आणि चौथ्या दिवशी दुपारी ते झालं. विचारणाऱ्याला सांगता येईल असं एक कारण तिच्याजवळ नव्हतं. असतं तर आईबाबांना बरं पडलं असतं, असं तिला कधी कधी वाटे. आई विहारातल्या बायकांना सांगायची, पोरीले कावीळ झाली होती.

तेव्हापासून घरात धार असलेली एकही वस्तू राहिली नव्हती. आईची पावशी, जिच्यावर बसून तिनं तीस वर्षं भाज्या चिरल्या, ती शेजारच्या मैनाबाईंकडे गेली. आई रोज सकाळी भाजी घेऊन तिकडे जायची आणि चिरलेली भाजी डब्यात घालून आणायची. मैनाबाई गावाला गेल्या की मेथी खुडायची, शेंगा मोडायच्या, वांगं भाजायचं. कांदा बुक्कीनं फोडायचा. बाबांनी घरी दाढी करणं सोडलं. बत्तीस वर्षं पोस्टमन म्हणून रोज सकाळी स्वतःच्या हातानं गुळगुळीत दाढी करून निघणारा माणूस, आता तिसऱ्या दिवशी चौकातल्या सलूनमध्ये जाऊन बसायचा. नेलकटर त्यांच्या खिशात असायचा. संध्यानं मागितला की ते द्यायचे आणि ती नखं कापेपर्यंत समोर पेपर धरून बसायचे. पेपरचं पान उलटायचं नाही.

कुणी काही बोलायचं नाही. संध्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. गोळ्यांनी झोप यायची, भूक यायची. बाकी काही यायचं नाही.

"घरी कोण चिरते?" करिश्मानं विचारलं.

"ही," बाबा म्हणाले.

करिश्मानं पाच सुऱ्या एका ओळीत मांडल्या आणि आता ती संध्याशीच बोलू लागली.

"ही पाह्य ताई, साठ रुपयाची. पण मूठ प्लास्टिकची, चार महिन्यात ढिली होते. ही फळं कापाले ठीक आहे, पत्ताकोबीले पुरत नाई. ही बाराशेची, चांगली आहे, पण घरच्या भाजीले एवढी कायले? आन् ही आठ इंची. हॉटेलवाले नेते. साडेतीनशे. पातं पाह्य, मुठीतून पार शेवटलोक गेलं आहे. तीन रिपिट मारले आहे, पक्के खिळे. तुटत नाई."

बाबांनी मधली, फळं कापायची उचलली. तिचं टोक बोटानं चाचपलं.

"हे टोक गोल असलेली भेटत नाई?"

"घरी लेकरू आहे का?"

बाबांनी सुरी खाली ठेवली. "हो," ते म्हणाले.

"मंग वरतं ठेवत जा. हात पुरत नाई अशा जागी."

"अशी जागा नसते बाई," बाबा म्हणाले. "सगळ्या पाहून झाल्या."

करिश्माला ते नीट कळलं नसावं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "पण काका, कमी धारेची नका नेऊ. जोर द्या लागते, मंग घसरते. लागते तं ते तशाच सुरीनं लागते."

संध्यानं पुढे होऊन आठ इंची सुरी उचलली. ती जड होती. अमरावतीच्या खोलीवर तिच्याजवळ एक साधी सुरी होती. संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर ती खिडकीजवळच्या टेबलावर उभ्यानं भाजी चिरायची आणि चिरताना उद्याचा तास मनात घोकायची. हे तिला आठवलं. आठवून बरं वाटलं असं नाही, वाईटही वाटलं नाही. त्या टेबलाचा एक पाय डुगडुगायचा, तेवढं स्पष्ट दिसलं.

"अशी नाई धरत," करिश्मा म्हणाली. "मूठ मांगून नको धरू. अंगठा आन् हे बोट, पात्यावर. हां." तिनं संध्याचा हात आपल्या हातात घेऊन वळवला. बाही वर सरकली.

करिश्माचा हात तिथल्या वणांशीच थांबला.

मागच्या खोलीतून तिच्या नावानं हाक आली. तिनं ओ दिली नाही. संध्यानं बाही खाली ओढली नाही. लपवावं असं वाटण्याइतकंही काही आत हललं नाही. ती सुरी तशीच, नुकत्याच शिकवलेल्या पद्धतीनं धरून उभी राहिली. करिश्मानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. काउंटरवरच्या बाकीच्या चार सुऱ्या तिनं एकेक करून हळूच आपल्या बाजूला ओढून घेतल्या.

"काका," ती खालच्या आवाजात म्हणाली, "देऊ का?"

बाबांच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत थांबला होता. त्यांनी तो पुसला नाही.

"मले काहून इचारता," ते म्हणाले. "तिची सुरी आहे. तिले इचारा."

करिश्मानं संध्याकडे पाहिलं.

"हीच पायजे," संध्या म्हणाली.

करिश्मानं सुरीला जाड पुठ्ठा गुंडाळला, त्यावर कागद, त्यावर सुतळी. पुष्कळ सुतळी. गाठ मारताना तिनं मान वर केली नाही. पुडकं पिशवीत घातलं आणि क्षणभर ती पिशवी हातातच धरून राहिली, कुणाच्या हाती द्यावी ते न कळून. बाबा खिशातून पैसे काढत होते. ते मानेनंच म्हणाले, तिच्याजवळ द्या.

"धार गेली तं आणजो," करिश्मा संध्याला म्हणाली. "मी लावून देईन. पैसे नाई लागत. आणजो नक्की."

अमरावतीची बस भरत आली होती. त्यांना मागची दोन आसनांची जागा मिळाली. संध्या खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर. बाबांनी मूर्तिजापूरची दोन तिकिटं काढली, एक पूर्ण, एक बाईमाणसाचं अर्धं. घरी आईला काय सांगायचं हे ते बोलले नाहीत. बस शहराबाहेर पडली तेव्हा म्हणाले, "हायवेचं काम झालं वाटते इथलं." संध्या म्हणाली, "हो."

बोरगाव गेलं तेव्हा त्यांचं डोकं एकदा पुढे कललं, सावरलं, पुन्हा कललं. मग ते संध्याच्या खांद्यावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

तिला आधी वाटलं, त्यांना ऊन लागलं. तिनं वाकून पाहिलं. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं आणि श्वास लांब, संथ चालला होता. ते झोपले होते.

आठ महिन्यांत तिनं त्यांना झोपलेलं पाहिलं नव्हतं. त्यांची खाट तिच्या खोलीच्या दारात आडवी असायची. ती गोळी घेऊन झोपायची तेव्हा ते जागे असायचे, पहाटे उठायची तेव्हाही जागेच. मध्ये पाणी प्यायला उठली तर अंधारातून आवाज यायचा, "काय पायजे?" दुपारी आई म्हणायची, आडवं व्हा घटकाभर. ते म्हणायचे, मले झोपच येत नाई आताशा, वय झालं. हे सगळं संध्याला ठाऊक होतं. घरातलं घड्याळ कुठं टांगलंय हे ठाऊक असावं, तसं.

आणि आता, तिच्या मांडीवर ती पिशवी असताना, ते तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते.

बस मूर्तिजापूरच्या स्टँडमध्ये शिरली. कंडक्टर ओरडला, "चला, मूर्तिजापूरवाले." लोक उठले, पिशव्या निघाल्या, कुणाचा तरी डबा बाबांच्या गुडघ्याला लागला. ते जागे झाले नाहीत. संध्यानं त्यांना हलवायला हात उचलला. तो थोडा वेळ हवेत राहिला. मग तिनं तो खाली घेतला.

कंडक्टर मागपर्यंत आला. "ताई, तुमचं मूर्तिजापूरच होतं न?"

"अमरावतीची दोन द्या," संध्या हळू म्हणाली.

"अमरावतीले जायचं होतं तं अकोल्यालेच घ्यायचं न सरळ."

"नव्हतं जायचं."

कंडक्टरनं एकदा बाबांकडे पाहिलं. मशीनवर बटणं दाबली आणि दोन तिकिटं तिच्या हातात दिली. पुढे जाताना त्यानं दांडीला लटकलेली स्वतःची पिशवी आवाज न होऊ देता काढून घेतली.

बस स्टँडबाहेर पडल्यावर फोन वाजला. संध्यानं डाव्या हातानं कसाबसा काढला.

"कुठलोक आले?" आई विचारत होती. "वरण झालं आहे. मूर्तिजापूर आलं असन न?"

"मांगं गेलं."

"मांगं गेलं म्हंजे?"

"अमरावतीले चाललो. तिथून येतो वापस. सातलोक पोचू."

"काहून?" आईचा आवाज एकदम बारीक झाला. "काय झालं? बाबाले दे."

"झोपले ते."

पलीकडे काही ऐकू येईना. फोन कटला असं वाटून संध्यानं तो कानापासून दूर धरून पाहिला. कटला नव्हता.

"झोपले?" आई म्हणाली.

"हो. बोरगावपासून."

"खरंच झोपले का डोळे मिटून बसले?"

"घोरून राहिले."

मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि आई नेहमीच्या, थोड्या रागाच्या स्वरात म्हणाली, "मान गिन तं नाई न वाकडी झाली त्याईची?"

"नाई. माह्या खांद्यावर आहे."

"मंग हालू नको," आई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

कुरूम गेलं. नांगरून ठेवलेली काळी वावरं दोन्ही बाजूंनी मागे जात होती. खिडकीतून येणारी हवा तापलेली होती आणि बाबांचे पांढरे केस तिच्या गालाला घासत होते. लोणीच्या अलीकडे कुठंतरी संध्याचा खांदा दुखायला लागला. आधी थोडा, मग पार कोपरापर्यंत. चांगलाच दुखत होता. तिनं तो तसाच ठेवला.